अन्न करणाऱ्या हातांचा गौरव

गेल्या वैशाखांतील गोष्ट. आमचे धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त परप्रांतीं असतात. सुटींत ते घरीं आले आणि परत निघतांना त्यांनीं नेहमींप्रमाणें बिबड्यांचा डबा मागितला. बिबडे आतां आमच्या घरीं होत नाहींत. गेलीं वीस-बावीस वर्षें शेजारच्या खेड्यांतील एक बाई ते आणून देतात. चिरंजीवांनीं सहज विचारलें, "बाबा, या बाईंचें नांव काय? डब्यावर लिहून ठेवतों. तिकडे लोक विचारतात." प्रश्न साधा होता, परंतु घरांतील अकरा माणसांपैकीं एकासहि त्याचें उत्तर देतां आलें नाहीं. सौभाग्यवतींना बाईंची गुडघेदुखी ठाऊक होती, सूनबाईंना भाव ठाऊक होता, आम्हांस चव ठाऊक होती. नांव मात्र 'बिबडेवाल्या बाई' एवढेंच. जन्मभर वर्गांत प्रत्येक मुलास नांवानें हांक मारण्याचा आग्रह धरणाऱ्या आम्हांस त्या दिवशीं मनापासून लाज वाटली.

वाचकांनीं आपापल्या घरीं हीच परीक्षा घेऊन पाहावी. पापड कोण लाटतें, शेवया कोणाच्या हातच्या, लोणचें कोणी घातलें, तूप कोणी कढविलें, हे प्रश्न जेवतांना पंक्तींत विचारावे. बहुतेक घरांचा निकाल आमच्यासारखाच लागेल, अशी आमची समजूत आहे.

खान्देशच्या अन्नास कीर्ति नाहीं, असें नाहीं. जळगांवचीं केळीं आणि भरिताचीं वांगीं या दोहोंस 2016 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पूर्वीं धुळें जिल्ह्यांत असलेल्या आणि 1998 पासून नंदुरबार जिल्ह्यांत मोडणाऱ्या नवापूरच्या तूरडाळीसहि त्याच वर्षीं तो मान लाभला. 1999 च्या कायद्यान्वयें मिळणारें हें मानांकन म्हणजे अमुक गुणाचा पदार्थ अमुक प्रदेशाचाच, अशी सरकारदरबारीं झालेली नोंद होय. परमुलखांतील वांगें 'जळगांवचें' म्हणून कोणास विकतां येऊं नये, हा तिचा उपयोग, आणि तो थोडा नव्हे. परंतु हा हक्क समूहाचा असतो. त्यानें भूमीचा व वाणाचा गौरव होतो. करणाऱ्या हाताचा होत नाहीं. जळगांवचें वांगें कोणीहि विकत आणावें. भरीत सर्वांस सारखें साधत नाहीं.

त्या हातांत काय असतें, हें थोडें तपशिलानें सांगितलें पाहिजे. कारण नित्याच्या परिचयामुळें आपणांस त्याचें महत्त्व वाटेनासें झालें आहे. भरिताचें वांगें कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात. जाळ मोठा झाला तर साल करपते आणि गर कच्चा राहतो. मंद झाला तर धुराची रुचि उतरत नाहीं. बिबड्यांसाठीं ज्वारी दिवसचे दिवस भिजत ठेवावी लागते, आणि ती पुरेशी आंबली कीं नाहीं हें केवळ वासावरून ओळखावें लागतें. मग ती भरडून, जिरें, तीळ, लसूण व मिरची घालून शिजवितात आणि तो ऊन ऊन घाटा ओल्या कापडावर पातळ थापून चैत्र-वैशाखाच्या उन्हांत वाळवितात. खापरावरच्या मांड्यांची कला तर पाहणाऱ्यास थक्क करते. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलीत झेलीत कोपरापर्यंत वाढवावयाचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद सोडावयाचा. एक बोट जड पडलें कीं मांडा फाटला. हें पुस्तक वाचून येत नाहीं. आई किंवा सासू यांच्याजवळ बसून, पुष्कळ मांडे फाडून मगच तें येतें. म्हणजे ही एक विद्याच आहे. आणि एका पिढीनें विद्या सोडली कीं परंपरा तुटते.

हें भय आम्ही कल्पनेनें सांगत नाहीं. ज्येष्ठांत त्या बाई पुन्हा आल्या, तेव्हां आम्हीं त्यांस ओटीवर बसवून चहा दिला व नांव विचारलें. त्या हंसल्या, थोड्या संकोचल्या, आणि नांव सांगून म्हणाल्या, "गुरुजी, आजवर कोणी विचारलें नव्हतें." मुलगी हें काम शिकते काय, असें विचारतांच त्यांचा चेहरा उतरला. "ती म्हणते, आई, तूं जन्मभर उन्हांत हात भाजून घेतलेस, तुला ओळखतें कोण? त्यापेक्षां दुकानांत कामाला गेलें तर महिन्याचा पगार तरी मिळेल." या मुलीस आम्ही दोष देऊं शकत नाहीं. जेथें पैसा बेताचा आणि मान मुळींच नाहीं, तें काम तरुणांनीं कां धरावें?

यांत आपल्या पांढरपेशा घरांचा वाटा आहे, तो आपण पदरीं घेतला पाहिजे. सोंवळ्याच्या काळीं आपण बाहेरचा पदार्थ घेत नव्हतों. पुढें घेऊं लागलों, हें चांगलेंच झालें. पण घेतांना जिन्नस पाहिला, माणूस पाहिलें नाहीं. नांव विचारलें तर जात कळेल आणि मग घरांतील वडीलधारीं माणसें नाक मुरडतील, म्हणून न विचारलेलेंच बरें, असा एक संकोच जुन्या घरांत होता, हें आम्ही स्वतःच्या घरावरून सांगतों. तैत्तिरीयोपनिषदाच्या भृगुवल्लींत अन्नाची निंदा न करण्याचें व्रत सांगितलें आहे. अन्नाची स्तुति करावयाची आणि कर्तीस निनांवी ठेवावयाचें, हीहि एक प्रकारची निंदाच नव्हे काय?

मोठ्या कारखान्यांचा आम्हांस मत्सर नाहीं. आमच्याच अमळनेरास 1945 सालीं वनस्पति तुपाची व तेलाची जी कंपनी निघाली, तीच पुढें 'विप्रो' या नांवानें जगास माहीत झाली. परंतु कारखान्याजवळ जाहिरात असते, वेष्टन असतें, अडत्ये आणि दुकानदार असतात. लहान उत्पादकाजवळ गिऱ्हाइकाची जीभ ही एकच जाहिरात. ती जीभ घरांतल्या घरांत वाहवा करून थांबली, तर तिचा उपयोग शून्य.

नांव नोंदविल्यानें काय होतें, याचें उदाहरण आपल्या दाराशींच आहे. जळगांवजवळच्या आसोद्यास 1880 मध्यें जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. घरकाम व शेतकाम करतां करतां त्यांनीं रचलेलीं गाणीं मुलानें व एका आप्तानें उतरून घेतलीं, म्हणूनच त्यांच्या पश्चात् 1952 मध्यें तीं ग्रंथरूपानें आलीं, आणि 2018 सालीं येथील विद्यापीठास त्यांचें नांव लाभलें. उतरून घेणारें कोणी नसतें, तर तें सारें त्यांच्याबरोबरच गेलें असतें.

अन्नाच्या क्षेत्रांतहि असा मान मिळूं लागला आहे. 1959 सालीं मुंबईस गिरगांवांत सात स्त्रियांनीं 80 रुपये उसने घेऊन 'लिज्जत' पापडांचा उद्योग मांडला. त्यांपैकीं जसवंतीबेन पोपट यांस 2021 सालीं पद्मश्री मिळाली. अकोलें तालुक्यांतील राहीबाई पोपेरे यांस देशी बियाणें जतन केल्याबद्दल 2020 सालीं तोच मान मिळाला. परंतु दिल्लीचा मान देशांत मोजक्यांनाच मिळावयाचा. गांवोगांवच्या गुणी हातांसाठीं गांवाजवळचाच मान हवा. फ्रान्स देशांत 1870 पासून शेतमालाच्या व अन्नपदार्थांच्या स्पर्धेंत सुवर्ण, रौप्य व कांस्य पदकें देण्याची प्रथा आहे, आणि पदार्थ कोणाचा हें परीक्षकांस कळूं देत नाहींत. इंग्लंडांत 1994 पासून चालू असलेल्या एका स्पर्धेंत वेष्टन काढून पदार्थ चाखतात व परीक्षकांचा अभिप्राय उत्पादकास लेखी कळवितात.

अशीं पारितोषिकें जळगांवास व धुळ्यास दरसाल कां देऊं नयेत? मात्र तीं देतांना कांहीं पथ्यें पाळावीं लागतील. आम्हीं एका सत्कारसमारंभास हजर असतांना पाहुण्यांचे हार आणि भाषणें यांत तीन तास गेले, आणि सत्कारमूर्तींचीं नांवें शेवटीं घाईघाईनें, तींहि चुकीचीं, वाचलीं गेलीं. असला सोहळा नसलेलाच बरा. पदार्थ नांव झांकून चाखावा. परीक्षकांत सर्व समाजांतील जाणत्या गृहिणी निम्म्या तरी असाव्यात. प्रवेशशुल्क घेऊं नये; शुल्क देऊन मिळालेलें पदक विकत घेतल्यासारखें दिसतें. पारितोषिक उपयोगाचें असावें: चांगला वजनकांटा, वाळवणाच्या जाळ्या, अथवा 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणें करावयाच्या नोंदणीस साह्य. ज्यांस बक्षीस मिळालें नाहीं, त्यांस आपला पदार्थ कोठें उणा पडला हें लिहून द्यावें. नापास मुलास नुसता शून्य दाखवून कोणी सुधारत नाहीं. आणि सर्वांत मोठें पारितोषिक अशा कर्तीस द्यावें, जिनें आपली विद्या एखाद्या तरुण मुलीस किंवा मुलास शिकविली आहे; त्या शिष्याचाहि सत्कार तिच्याबरोबरच व्हावा.

बक्षीस मिळालें कीं मागणी वाढेल आणि माल बिघडेल, असा आक्षेप कोणी घेतील. तो खोटा नाहीं. म्हणून पदकावर साल ठळक घालावें आणि पुढील वर्षीं पुन्हा परीक्षा घ्यावी. आमच्या शाळेंतहि गतवर्षींच्या पहिल्या नंबरावर यंदाची इयत्ता उत्तीर्ण होत नसे.

समित्या होतील तेव्हां होवोत. एकत्र कुटुंबांना त्यांची वाट पाहण्याचें कारण नाहीं. दहा-बारा माणसांचें घर हें दहा-बारा गिऱ्हाइकांचें घर असतें, आणि त्याचे आप्त दूरदूर पसरलेले असतात. आमच्या घरीं आतां वाणसामानाच्या वहींत शेवटीं एक पान राखून ठेवलें आहे. बिबडे, पापड, शेवया, मिरचीचें तिखट, तूप या प्रत्येकापुढें करणाराचें नांव व गांव सूनबाईंनीं लिहिलें आहे. अद्याप दोन घरें रिकामीं आहेत. चिरंजीवांस पाठविलेल्या दुसऱ्या डब्यावर बाईंचें नांव, त्यांच्या अनुमतीनें, आमच्या नातीनें सुवाच्य अक्षरांत घातलें. डबा बांधतांना बाई तेथेंच होत्या. त्यांनीं तें नांव दोनदां वाचून घेतलें आणि तशीच आणखी एक चिठ्ठी मागून घेतली. कशास, असें विचारतां म्हणाल्या, "मुलीला दाखवितें."