ओमसवाद : अपशब्द, हेतू आणि प्रसंग

जातिवाचक अपशब्दाचा उच्चार प्रत्येक वेळी दोषास्पदच असतो काय, की बोलणाऱ्याचा हेतू आणि बोलण्याचा प्रसंग पाहून त्याचा निर्णय करावा, असा प्रश्न आमच्या अभ्यासवर्गात अलीकडे उपस्थित झाला. निमित्त असे घडले की, एका महाविद्यालयात अस्पृश्यतेचा इतिहास शिकविताना अध्यापकांनी गावोगाव वापरली जाणारी एक शिवी वर्गात पुनःपुन्हा उच्चारली. मागच्या बाकांवर हशा पिकला. एका विद्यार्थिनीने उभे राहून हरकत घेतली. 'मी शिवी दिली नाही, शिवीची माहिती दिली,' असे अध्यापकांचे उत्तर. 'सर, ती माहिती आम्हांला घरूनच मिळालेली आहे,' असे तिचे. दोघेही आमच्या अभ्यासवर्गाला येणारे. दोघांनीही आम्हांला विचारले, धम्माच्या दृष्टीने बरोबर कोण?

हा प्रश्न नवा नाही. विनयपिटकात त्याचा जितका बारकाईने विचार झालेला आहे, तितका प्राचीन वाङ्मयात क्वचितच आढळेल. म्हणून प्रथम तेथूनच आरंभ करू.

विनयातील नियम

भिक्खूंसाठी सांगितलेल्या पाचित्तिय नियमांपैकी दुसरा नियम ओमसवादाचा, म्हणजे टोचून, हिणवून बोलण्याचा आहे. श्रावस्तीच्या जेतवनात षड्वर्गीय भिक्खू इतर सदाचारी भिक्खूंना जात, नाव, गोत्र, काम इत्यादींवरून हिणवू लागले. तक्रार तथागतांपर्यंत गेली आणि नियम घालून देण्यात आला. त्या प्रसंगी तथागतांनी तक्षशिलेच्या नंदिविसाल बैलाची कथा सांगितली. शंभर गाड्या ओढण्याची पैज लागली असता धन्याने त्याला चारचौघांत 'कूट' म्हणजे लबाड म्हणून हाक दिली. बैल जागचा हलला नाही. धनी हजाराची पैज हरला. पुढे गौरवाने हाक मारताच त्याच बैलाने शंभर गाड्या ओढल्या. मुक्या जनावरालाही अपशब्द बोचतो, मग माणसाची कथा काय, हा तिचा आशय होय.

सुत्तविभंगात या नियमाचे जे विवरण आहे, ते आपल्या प्रश्नाला थेट भिडणारे आहे. हिणवण्याची दहा स्थाने तेथे दिली आहेत : जात, नाव, गोत्र, काम, शिल्प, आजार, शरीराची ठेवण, मनाचे क्लेश, घडलेला अपराध आणि शिवी. हीन मानलेल्या जातींत चांडाल, वेन, निषाद, रथकार व पुक्कुस यांची नोंद आहे. म्हणजे ज्या ग्रंथाने हे शब्द वापरून हिणवण्यास बंदी केली, त्या ग्रंथालाच ते लिहावे लागले. बंदी कशाची, हे सांगितल्यावाचून बंदी घालता येत नाही.

याच विवरणातील पाच गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत.

१. दोष हेतूवर ठरतो. हिणवावे, तुच्छ लेखावे, ओशाळवावे या इच्छेने बोललेला प्रत्येक शब्द पाचित्तिय होय. एवढेच नव्हे, तर अशा हेतूने एखाद्याला त्याच्या उच्च मानलेल्या जातीच्या नावाने संबोधिले, तरीही दोष आहेच.

२. आडून बोलण्याने सुटका होत नाही. 'येथे काही चांडाल आहेत' किंवा 'आम्ही काही चांडाल नव्हे' असे नाव न घेता बोलणे हाही दुक्कट नावाचा अपराध आहे.

३. विनोद ही सबब नाही. हिणवण्याची इच्छा नसताना केवळ थट्टा म्हणून बोलले, तरी ते दुब्भासित ठरते. अपराध सौम्य असेल, पण अपराधच.

४. प्रदेश पाहावा लागतो. नाव, गोत्र, काम, शिल्प यांबाबत त्या त्या जनपदात जे तुच्छ मानले जाते ते हीन, असे विवरणकार सांगतात. म्हणजे शब्दाचा डंख कोशात नसून लोकव्यवहारात असतो.

५. अर्थ सांगण्यासाठी, धम्म समजावण्यासाठी किंवा अनुशासनासाठी तोच शब्द उच्चारणाऱ्याला दोष लागत नाही.

वसल शब्दाचे दोन प्रसंग

सुत्तनिपातातील वसलसुत्तात अग्गिक भारद्वाज तथागतांनाच 'वसल' म्हणजे हीन, नीच असे म्हणतो. तथागत तो शब्द टाळीत नाहीत. वसल कोणाला म्हणतात हे तुला ठाऊक आहे काय, असे विचारून ते त्या शब्दाचा अर्थ जन्मावरून काढून आचरणावर नेऊन ठेवतात. येथे शब्द तोच, पण शब्दाचे काम उलटे झाले आहे.

दुसरा प्रसंग उदानातील पिलिंदवच्छ स्थविरांचा. ते सहभिक्खूंना 'वसल' म्हणूनच हाक मारीत. तक्रार झाली, तेव्हा तथागतांनी सांगितले की, वच्छांच्या मनात द्वेष नाही, पाचशे जन्म ब्राह्मणकुळात गेल्याने त्यांना तशी सवय जडली आहे. पुनर्जन्माचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी एक सत्य येथे उघड होते. तुच्छतेची भाषा द्वेषावाचूनही चालू राहू शकते, कारण ती संस्कारातून येते. परंतु या कथेचा आधार घेऊन कोणी 'माझ्या मनात तसे काही नव्हते' असे म्हणू लागला, तर त्याने हेही पाहावे की, पिलिंदवच्छांच्या निर्मळ चित्ताची ग्वाही स्वतः तथागतांनी दिली होती. आपल्याला दुसऱ्याच्या अंतःकरणात डोकावता येत नाही. आपल्याला हेतू आचरणावरूनच ओळखावा लागतो. हरकत घेताच जो थांबतो त्याचा हेतू एक, आणि हरकत घेतल्यावरही जो तोच शब्द घोळवीत राहतो त्याचा दुसरा.

चांगला हेतूही पुरेसा नसतो, याचा दाखला आपल्या चळवळीच्या इतिहासात आहे. 'हरिजन' हे नाव देणाऱ्यांचा हेतू गौरवाचा होता, असे ते सांगत. तरीही १९३८ साली मुंबई विधानसभेत ते नाव कायद्यात आणण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य निषेध म्हणून सभागृहाबाहेर पडले. ज्यांना नाव द्यावयाचे त्यांना विचारले नाही, हाच त्यातील दोष होता.

कायदा आणि अमेरिकेचा अनुभव

१९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानेही हेतू व प्रसंग यांचा विचार केला आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर कलम ३(१)(आर) मध्ये अपमानित करण्याचा हेतू आणि लोकांच्या दृष्टीस पडेल असे स्थळ या दोहोंचा उल्लेख आहे. कलम ३(१)(एस) मध्ये अशा स्थळी जातीच्या नावाने शिवीगाळ करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. येथे पीडितालाच तो शब्द पोलिसांपुढे आणि न्यायालयापुढे पुन्हा उच्चारावा लागतो. फिर्यादीतून तो गाळला, तर अपराध काय घडला हे सिद्ध होणार कसे?

हाच पेच अमेरिकेतील कृष्णवर्णीयांपुढेही आहे. त्यांना उद्देशून वापरली जाणारी वंशवाचक शिवी आज तेथे उच्चारणेही अनुचित मानतात. तथापि मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात ती लिहिली, कारण आपल्या लोकांना रोज काय ऐकावे लागते हे त्यांना गोऱ्या धर्मगुरूंना सांगावयाचे होते. उलट, मार्क ट्वेन यांच्या हकलबरी फिनवरील कादंबरीच्या २०११ मधील एका आवृत्तीत तो शब्द दोनशेहून अधिक ठिकाणी काढून 'गुलाम' असा शब्द घालण्यात आला. मुलांना वाचताना यातना होऊ नयेत हा उद्देश समजण्यासारखा आहे. पण गुलामी ही कायद्याची स्थिती होती आणि शिवी ही तुच्छतेची. गुलामी १८६५ साली कायद्याने संपली, शिवी संपली नाही. दोन्हींना एकच नाव दिले, तर हा इतिहासच पुसला जातो.

निष्कर्ष

तेव्हा आमचे उत्तर असे. अध्यापकांनी अर्थ सांगण्यासाठी शब्द उच्चारला, यात ओमसवादाचा दोष नाही, आणि त्यांच्यावर द्वेषाचा आरोप करणे न्याय्य होणार नाही. परंतु अर्थ सांगण्यास एक उच्चार पुरेसा होता. हशा पिकला त्या क्षणी प्रसंग पालटला. अर्थाचे काम संपून थट्टेचे काम सुरू झाले होते, आणि ते थांबविणे वर्ग चालविणाऱ्याचे कर्तव्य होते. विद्यार्थिनीने ते करून दाखविले. तिची हरकत रास्त होती.

हेतू बोलणाऱ्याचा दोष ठरवितो. ऐकणाऱ्याची वेदना मात्र हेतूने नाहीशी होत नाही. म्हणून असा शब्द लिहिताना किंवा उच्चारताना स्वतःला विचारावे : तो गाळला तर सत्य अपुरे राहते काय? समोर कोण बसले आहे, आणि त्यांना आधी सांगितले आहे काय? आवश्यक तेवढ्याच वेळा आपण तो घेत आहोत काय? या लेखात आम्ही पालि ग्रंथांतील शब्द लिहिले, कारण त्यांच्यावाचून नियम समजला नसता. त्या वर्गात उच्चारलेली शिवी मात्र आम्ही लिहिली नाही. तिच्यावाचून वाचकांचे काहीही अडले नाही.