गार हवेच्या शहरात घर हलवायचं का? आधी छत, मग मुक्काम, मग पत्ता

आजच्या भागाचा विषय आमच्या घरात गेले सहा महिने चालू आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, घर शिरूर अनंतपाळला. आई-अण्णा तिथंच असतात. पाच एकर रान, सोयाबीन आणि तूर. आईला बीपीची गोळी चालू आहे. मागच्या मे महिन्यात भर दुपारी स्वयंपाकघरात तिला भोवळ आली. त्याच सुमाराला मला ऑफिसातून बेंगळुरूला बदलीचा पर्याय मिळाला आणि प्रश्न उभा राहिला : रान बटईनं देऊन सगळ्यांनीच गार हवेच्या शहरात जायचं का?

अण्णांचं उत्तर एका वाक्यात होतं : "आरं, ऊन काय आजच पडायलंय का?" मला मात्र उत्तरासाठी एक्सेल शीट उघडावी लागली. तुमच्याही घरात हा विषय निघाला असेल, तर त्या शीटमधले रकाने तुमच्या कामाला येतील.

पहिला रकाना, उंची. समुद्रसपाटीपासून वर जाऊ तसं दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. आता गंमत बघा. पुणे आहे ५६० मीटरवर आणि लातूर सुमारे ६३० मीटरवर. म्हणजे उंचीत लातूर पुढं! तरी मे महिन्यात लातूर जास्त तापतं, कारण आपण समुद्रापासून लांब. पुणे घाटाला लागून आहे, संध्याकाळी पश्चिमेचं वारं घाट चढून तिथं पोचतं. आपल्यापर्यंत येईस्तोवर त्यातला गारवा संपलेला असतो. बेंगळुरू ९२० मीटरवर, म्हणजे नुसत्या उंचीचा फायदा जेमतेम दोन अंश. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, तिथं फायदा साडेचार अंशांचा. बाकीचा फरक वारा, ढग, झाडी आणि वळवाचा पाऊस यांचा. म्हणून "अमुक शहर गार आहे" हे ऐकलं की आधी विचारा, कशामुळं गार आहे? उंची कायम राहते. झाडी आणि मोकळी जागा राहीलच असं नाही.

दुसरा रकाना, हवेतला ओलावा. मे महिन्यात मुंबईचा पारा लातूरपेक्षा बराच खाली असतो, तरी लातूरचा माणूस तिथं हैराण होतो. शरीर स्वतःला गार करतं ते घाम वाळवून. हवा आधीच ओली असेल तर घाम वाळत नाही, नुसता निथळतो. आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो. कूलरही याच तत्त्वावर चालतो, म्हणून तो लातुरात काम करतो आणि मुंबईत खोली नुसती दमट करतो. तेव्हा दोन गावांची तुलना करताना मोबाईलमध्ये तापमानाशेजारी आर्द्रतेचा आकडा असतो, तोही बघा.

तिसरा रकाना, रात्र. आपल्या हवामान खात्याच्या निकषात मैदानी भागात उष्णतेच्या लाटेसाठी कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त असावं लागतं. हा झाला दिवसाचा आकडा. पण दिवसभराचा ताण उतरतो तो रात्री. रात्र गार नसेल तर झोप लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी शरीर थकलेलं असतानाच ऊन पुन्हा सुरू होतं. वय झालेल्या माणसांना घाम कमी येतो, तहानही उशिरा कळते. त्यात बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवून शरीरातलं पाणी आणि मीठ कमी करतात. गोळी मनानं बंद करू नका, पण उन्हाळ्याआधी डॉक्टरांना नक्की विचारा.

चौथा रकाना, छत. शीटमध्ये हा सगळ्यात उशिरा आला आणि सगळ्यात जड निघाला. आपल्याकडची जुनी घरं माळवदाची. जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर लाकडी सऱ्यांवर मातीचा थर. दुपारचं ऊन त्या मातीतून खाली झिरपायला रात्र व्हायची, आणि रात्री माणसं वर माळवदावर झोपायची. मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. किल्लारीच्या भूकंपात याच जड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली, हजारो लोक गेले. त्यानंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली. बाकीच्या गावांतही दगडी भिंतीची जी भीती बसली ती आजतागायत आहे. लोक पत्र्याकडं आणि स्लॅबकडं वळले. भूकंपाच्या हिशोबानं हलकं छत बरोबरच होतं, पण उन्हाच्या हिशोबानं त्याची किंमत आपण दर मे महिन्यात मोजतोय. पत्रा दुपारी भट्टी होतो आणि दिवस मावळला की लवकर निवतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर खाली सोडतो. आमचं घर पत्र्याचं. म्हणजे आईचा त्रास दुपारी बारा ते पाचचा, आणि तो शिरूरच्या उन्हाइतकाच आमच्या पत्र्याचाही आहे.

यावर उपाय आहे. अहमदाबादेत २०१० च्या भयंकर उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये महापालिकेनं उष्णता कृती आराखडा केला, आणि पुढं त्यात छतांना पांढरा रंग देण्याचं कामही आलं. पांढरं छत ऊन परत फेकतं, आतलं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरू शकतं. लातूरहून बेंगळुरूला जाऊन उंचीचे दोन अंश मिळतात. तेवढे रंगाच्या डब्यात मिळत असतील तर आधी डबा आणावा.

पाचवा रकाना, पाणी. एप्रिल २०१६ तुम्हाला आठवत असेल. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. कूलर चालायलाही पाणीच लागतं, म्हणजे ज्या वर्षी कूलर सगळ्यात गरजेचा, त्याच वर्षी त्याच्या टाकीत घालायला पाणी नसतं. पण त्याच एप्रिलमध्ये बेंगळुरूचा पारा ३९ च्या पुढं गेला होता, आणि २०२४ च्या मार्चमध्ये तिथले बोअर आटून सोसायट्या टँकरवर आल्या. गार शहर म्हणजे पाण्याचं शहर, असं धरून चालू नका.

आता एक जुनं उदाहरण. उन्हापासून पळणारे आपण पहिले नाही. मुंबई इलाख्याचं इंग्रज सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला मुक्काम हलवायचं. महाबळेश्वरची पेठ वसवली ती गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात, १८२० च्या दशकाच्या शेवटी. पण जून लागला की तिथल्या धुवाधार पावसाला कंटाळून हीच मंडळी खाली उतरायची. हाताशी एवढी सत्ता आणि पैसा असूनही त्यांनी कायमचा पत्ता बदलला नाही, ऋतू बघून मुक्काम बदलला.

आमच्या कामात एक सवय असते. जो बदल मागं घेता येतो तो आधी करायचा. छताला रंग दिला आणि उपयोग झाला नाही, तर काही बिघडत नाही. आई दोन महिने पुण्यात राहिली आणि करमलं नाही, तर ती परत जाईल. पण रान विकलं तर ते परत येत नाही. बटईनं दिलं तरी अण्णांचा सकाळचा फेरा, बांधावरची माणसं, सगळं जातं. त्यांना दहाव्या मजल्यावर गार हवेत बसवून मी नक्की काय दिलं असतं, हा रकाना मला भरता आला नाही.

म्हणून यंदाचं असं ठरलंय. फेब्रुवारीत पत्र्याला पांढरा रंग आणि आतून सिलिंग. आई एप्रिलच्या मध्यापासून पुण्यात, मृगाच्या आधी परत. तिची अट : "येते, पण मला चार भिंतीत कोंडू नको." म्हणून मी खोली बघतोय ती जुन्या पेठेजवळ, जिथं खाली उतरलं की मराठी बोलणारं माणूस भेटतं. अण्णा रानातलं काम सकाळी दहाच्या आत उरकणार, हे त्यांनी कबूल केलंय. पाळतील का, ते मे महिन्यात कळेल. बदलीला मी सध्या नको म्हणालोय. दोन उन्हाळे असे काढून शीट पुन्हा उघडायची.

तुम्हाला ठरवायचं असेल तर एक साधं डिजिटल थर्मामीटर घ्या, आर्द्रता दाखवणारं. आठवडाभर दुपारी तीन, रात्री दहा आणि पहाटे पाचला घरातलं आणि बाहेर सावलीतलं तापमान लिहा. रात्री आत जास्त आणि बाहेर कमी असेल तर दोष छताचा. बाहेरही पहाटेपर्यंत निवत नसेल तर मुक्काम हलवायचा विचार करा. आणि घरात कुणी उन्हात काम करत असेल तर आधी कामाच्या वेळा बदला. उन्हात कुणी बरळायला लागलं, अंग तापलं, शुद्ध हरपली, तर सावलीत घ्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन करा. तिथं थांबून बघू म्हणायचं नाही.

आकडे लिहून झाले की घरच्यांसमोर ठेवा, आणि ज्याला सगळ्यात जास्त ऊन लागतं त्याला आधी बोलू द्या. भेटू पुढच्या भागात.