अतिवास्तववादी चित्रे व लघुतम कथा

अतिवास्तववादी चित्र आणि काही वाक्यांची गद्यकथा समोरासमोर ठेवून त्यांच्या संयोगातून नवा आशय निर्माण करणारी कलारीती. नेहमीच्या कथाचित्रात कथेतील प्रसंग दाखविलेला असतो. येथे मात्र कथा चित्राचा उलगडा करीत नाही आणि चित्रही कथेच्या अधीन नसते. दोहोंतील अंतर वाचकाने आपल्या कल्पनेने भरून काढावयाचे असते.

अतिवास्तववादाचा पहिला जाहीरनामा १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ही रीती त्याहून थोडी जुनी आहे. चित्रकार माक्स एर्न्स्ट (१८९१–१९७६) व कवी पॉल एल्यूआर (१८९५–१९५२) यांचे ले मालर दे इमॉर्तेल (१९२२, म. शी. अमरांची दुर्दैवे) हे पुस्तक तिचा एक आद्य नमुना होय. जुनी छापील कोरीवचित्रे कापून एर्न्स्टने कोलाज, म्हणजे चिक्कणितचित्रे, सिद्ध केली व सोबतचे छोटे गद्यखंड दोघांनी मिळून लिहिले. झोआन मीरो (१८९३–१९८३) याच्या ‘नक्षत्रे’ या २३ चित्रांच्या मालिकेबाबत (१९४०–४१) क्रम वेगळा होता. चित्रे युद्धकाळात झाली आणि आंद्रे ब्रताँ (१८९६–१९६६) याने त्यांना जोडून २२ गद्यखंड लिहिले ते १९५८ मध्ये. चित्रांचीच शीर्षके घेतलेल्या या लेखनास त्याने ‘समांतर गद्य’ म्हटले. हे गद्यखंड काटेकोर अर्थाने कथा नव्हेत, गद्यकाव्येच होत. तथापि ‘समांतर’ हा शब्द या रीतीचे मर्म नेमके सांगतो.

महाराष्ट्रात चित्र व कथन यांची सांगड जुनीच. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे चित्रकथी पोथीतील एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातील आख्याने वाद्यांच्या साथीने सांगत आले आहेत. तेथे कथा श्रोत्यांना आधीच ठाऊक असते, त्यामुळे चित्र तिला साक्ष देते. वि. स. खांडेकर (१८९८–१९७६) यांची रूपककथा आकाराने छोटी असली, तरी तिचा बोध बहुधा निश्चित असतो. अशी कथा स्वप्नसदृश चित्राशेजारी ठेवल्यास ती त्याचे भाष्य होऊन बसते. अलीकडे लोकप्रिय झालेल्या ‘अलक’ म्हणजे अतिलघुकथेतही हाच धोका आहे, कारण तिचा अखेरचा कलाटणीवजा शेवट बहुतेक वेळा सारे उलगडून टाकतो.

या दृष्टीने प्रभाकर बरवे (१९३६–९५) यांचे काम अधिक उद्‌बोधक आहे. घड्याळ, पान यांसारख्या परिचित वस्तू ते रिकाम्या अवकाशात अशा मांडतात, की त्यांचे परस्परसंबंध तर्काला सापडत नाहीत. त्यांना अतिवास्तववादी म्हणणे सर्वस्वी योग्य नसले, तरी त्यांच्या चित्रांत एखाद्या न सांगितलेल्या कथेची चाहूल लागते. त्यांनी अनेक वर्षे लिहिलेल्या रोजनिशांत रेखाटने व टिपणे शेजारी शेजारी आढळतात. कोरा कॅनव्हास (१९९०) या त्यांच्या ग्रंथात चित्रनिर्मितीचे मराठीत विरळा असे चिंतन आहे.

मांडणीत संमुख पृष्ठे सोयीची ठरतात. कथेत चित्रातील वस्तूंची नावे जितकी कमी, तितके चित्र मोकळे राहते.