अंगठ्यातली नखी

गणपतीच्या पाचव्या दिवशी आमच्या शहाडच्या सोसायटीत रहिवाशांचा करमणुकीचा कार्यक्रम असतो. त्यात माझ्या मेंडोलिनला दरवर्षी पंधरा मिनिटे राखून ठेवलेली असतात. तीन वर्षांपूर्वी त्यांतली निम्मी मिनिटे मी वाद्य उलटे धरून गदागदा हलवण्यात घालवली! झाले असे, की ऐन अंतऱ्यात बोटांतली नखी निसटली आणि तारांमधून थेट मेंडोलिनच्या पोटात गेली. आत जायला तिला क्षणही लागला नाही. बाहेर यायला मात्र ती तयार होईना. पोरांना त्या रात्रीचा हाच कार्यक्रम सर्वांत आवडला. पुढच्या रांगेतून ‘आजोबा, वन्स मोअर!’ अशी आरोळीही आली.

हसलो मीही. पण घरी आल्यावर सौ. हळूच म्हणाली, “अहो, या महिन्यात नखी तिसऱ्यांदा पडली ना?”

म्हणजे ती मोजत होती तर!

खरी गोष्ट मी घरात कोणाला सांगितली नव्हती. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी वर्षभर दुखत होते. किल्ली फिरवताना कळ येई, डब्याचे झाकण उघडेना, सदऱ्याचे वरचे बटण लावायला पाच मिनिटे लागत. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. सांधा झिजला आहे, असे त्यांनी सांगितले. “चिमटीत तुम्ही जेवढा जोर लावता, त्याच्या कितीतरी पट जोर या मुळाच्या सांध्यावर येतो. तेव्हा चिमूट शक्य तितकी टाळा,” असा सल्ला मिळाला. आता मेंडोलिन हे वाद्यच मुळी चिमटीवर चालते! एकलव्याचा अंगठा निदान द्रोणाचार्यांनी मागून घेतला; माझा कोणी न मागताच चालला होता.

ज्या वाचकांनी हे वाद्य जवळून पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. मेंडोलिन मूळचे इटलीतले. नेपल्स शहराशी त्याचे नाव विशेष जोडलेले. त्याला आठ तारा, पण त्या दोन-दोनच्या चार जोड्यांत. जोडीतल्या दोन्ही तारा एकाच स्वरात मिळवायच्या, आणि शेजारच्या जोडीशी षड्ज-पंचमाचे नाते ठेवायचे, अगदी व्हायोलिनसारखे. परंतु व्हायोलिनला गज असतो. तो फिरतो तोवर स्वर लांबतो. मेंडोलिनची तार छेडली की स्वर उमटतो आणि लगेच विझतो. मग लांब स्वर काढायचा कसा? तर नखी वर-खाली, वर-खाली इतक्या झपाट्याने फिरवायची, की तुटक आघातांची सलग धार व्हावी. स्टुडिओतले वादक याला ‘ट्रेमोलो’ म्हणतात. ही धार म्हणजे मेंडोलिनचा प्राण. जुन्या हिंदी चित्रपटांत नायिका खिडकीशी येऊन उभी राहिली की मागे जो थरथरता नाजूक स्वर ऐकू येतो, तो पुष्कळदा हाच!

माझे वेड त्याच गाण्यांतून आले. मी शाळकरी असताना लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे नाव रेडिओवर रोज कानी पडे. त्यांतले लक्ष्मीकांत कुडाळकर आपले मराठी, पार्ल्यात वाढलेले, आणि मुळात मेंडोलिनवादक, हे कळले तेव्हा मला कोण अभिमान वाटला! दहा-अकरा वर्षांचा हा मुलगा कुलाब्याच्या रेडिओ क्लबमध्ये लता मंगेशकरांच्या कार्यक्रमात मेंडोलिन वाजवायला बसला होता आणि त्याचा हात ऐकून लताबाईंनी त्याची शिफारस केली, ही हकीकत तर सर्वश्रुतच आहे. पुढे सज्जाद हुसेन यांचे वादन ऐकले. ‘संगदिल’ (१९५२) आणि ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) यांचे हे संगीतकार मेंडोलिनवर चक्क राग वाजवीत. पडद्यांच्या, ताणलेल्या जोडतारांच्या या वाद्यातून ते मींड कशी काढीत, हे मला आजही कोडे आहे. दक्षिणेत यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी वेगळाच मार्ग काढला: विजेवरचे मेंडोलिन घेतले, जोड्या काढून टाकल्या आणि पाच एकेरी तारांवर कर्नाटक संगीत उभे केले. मी आपला पोस्टातला कारकून. संध्याकाळी कल्याणची गाडी पकडून शिकवणीला जायचो आणि रात्री उल्हास नदीच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्यात गॅलरीत बसून घासायचो. असे हे चाळीस वर्षांचे घासणे एका सांध्यापायी थांबणार, याचा विचारही करवत नव्हता.

नखीचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. पूर्वी युरोपात पक्ष्याच्या पिसाच्या देठाने वाजवीत. मग समुद्री कासवाच्या पाठीची नखी आली. तिच्यासारखी नखी दुसरी नाही, असे जुने वादक सांगत. त्या हौसेपायी आणि कंगव्या-डब्यांपायी बिचारी कासवे संपत आली, आणि १९७०च्या दशकात त्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदी आली. तोवर सेल्युलॉइड आले होते. हे सेल्युलॉइड सेल्युलोजपासून होते. आमच्या शहाडच्या कारखान्यात रेयॉनचा धागा निघतो, तोही लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजपासूनच! आपल्याकडे सतारीला तर्जनीवर तारेची नखी, सरोदला नारळाच्या करवंटीचा जवा. म्हणजे तार छेडायला माणसाने काय काय वापरले, याला मर्यादा नाही. मग मीच का अडून बसावे?

हा प्रश्न मला नव्हे, माझ्या स्नेह्यांना पडला. कॅम्प नंबर एकमध्ये त्यांचे दुकान. १९४७ नंतर सिंधमधून आलेली माणसे लष्कराच्या रिकाम्या बराकींत राहिली, १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. त्याच माणसांत त्यांचे वडील होते. येताना ते बेंजो बजावण्याचा नाद घेऊन आले. बेंजो म्हणजे टंकलेखनयंत्रासारख्या बटणांचे वाद्य: डाव्या हाताने बटणे दाबायची, उजव्या हाताने नखी मारायची. मुलाकडेही तो नाद उतरला. माझी कहाणी ऐकून ते म्हणाले, “साईं, धरवत नाही ना? मग धरू नका. अंगठीसारखी घाला!” आणि त्यांनी गल्ल्याच्या खणातून एक पुडी काढली.

पुडीत दोन थंब-पिक होते, म्हणजे अंगठ्यातल्या नख्या. प्लॅस्टिकची पट्टी अंगठ्याभोवती वळवलेली आणि तिचे एक टोक जिभेसारखे बाहेर काढलेले. पुडीवर ठसठशीत छापले होते, ‘मेड इन यू. एस. ए.’ आता उल्हासनगरात या तीन अक्षरांचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असाही होतो, हा विनोद इकडे पोराटोरांना पाठ आहे. “कुठले यू. एस. ए.?” मी विचारले. ते नुसते हसले.

अमेरिकेत बँजोवाले आणि मर्ल ट्रॅव्हिससारखे गिटारवादक ही नखी वापरीत आले. आपल्याकडे ती मांडीवर आडव्या ठेवलेल्या गिटारीबरोबर रुळली. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त गिटार वाजवणारे ब्रिजभूषण काबरा, मोहनवीणेचे विश्वमोहन भट्ट ही त्या परंपरेतली नावे. पण मेंडोलिनला ती कोणी लावीत नाही, आणि का लावीत नाही हे मला पहिल्याच रात्री समजले.

खाली येणारा आघात सुरेख! दणदणीत, खणखणीत. पण हात वर नेला की ती जीभ माशाच्या गळासारखी तारेच्या जोडीत अडके. चपटी नखी बोटांत किंचित डोलते. खाली जाताना एका अंगाने कलते, वर येताना दुसऱ्या. अंगठ्यात घट्ट बसलेली नखी डोलत नाही, ती तारेवर आडवी आदळते. शिवाय मेंडोलिनच्या तारा एकमेकींना किती लगटून! गिटारीचा ऐसपैसपणा तिथे नाही. चार दिवस असे गेले, की सौ. म्हणाली, “बाबांच्या खोलीत कोणी कंगवा मोडतेय का, असे शेजारची विचारत होती.”

पाचव्या दिवशी नेलकटर घेऊन मी ती जीभ कापली. अंगठ्यापुढे जेमतेम अर्धा सेंटीमीटर ठेवली, टोक गोल केले आणि बारीक पॉलिश पेपरवर दोन्ही कडा गुळगुळीत घासल्या. वळे फार आवळत होते, अंगठा निळा पडे. म्हणून ते क्षणभर गरम पाण्यात धरून हवे तसे सैल केले. (पाण्यातच, बरे का! सेल्युलॉइडची नखी असली आणि ज्योतीवर धरली, तर भडका उडेल.) मग मनगट थोडे आत वळवले आणि तर्जनी नखीच्या टोकाला नुसती टेकवली, दाबली नाही. एवढे केल्यावर परतीचा आघात सुटा झाला. ओढूनताणून नव्हे, पण झाला.

मात्र खोटे सांगणार नाही. पूर्वीची ती धार आता येत नाही. जलद लयीत आघात मोजता येतात, हलका स्वर पुरेसा हलका होत नाही, आणि चांगल्या कानाला फरक तत्काळ कळतो. म्हणून नव्याने शिकणाऱ्या मुलामुलींनी ही वाट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांचा अंगठा धड आहे त्यांनी साधी नखी धरायला शिकावे, मग ती शंभर वेळा पडो. पण एक लाभ असा झाला, जो मी मागितलाच नव्हता. चिमूट सुटल्यामुळे बाकीची बोटे मोकळी झाली. अंगठ्याने गत वाजवावी आणि मधल्या बोटाने शेजारची तार चिकारीसारखी छेडावी, हे चाळीस वर्षांत मला कधी जमले नव्हते. संथ भजनांना ते फार शोभते. लांब स्वर आता मी लांबवीत नाही. त्याच्या पोटी खालचा षड्ज घालतो.

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरच्या घरीच वाजवले. लक्ष्मीकांतांचा जन्म १९३७ सालच्या लक्ष्मीपूजनाचा, त्यांचे नावही त्यावरूनच. म्हणून त्यांचीच एक जुनी चाल घेतली. मुलगी पणत्या लावता लावता थांबली. “बाबा, हे कुठले नवीन?” तिने विचारले. चाल जुनीच होती. मी नाव सांगितल्यावर ती क्षणभर ऐकत राहिली आणि पुन्हा काडी ओढली.

तेवढ्यात स्नेही फराळाला आले. चकलीचा तुकडा मोडायला त्यांनी दोन्ही हात लावले, तेव्हाच मला शंका आली. जाताना दारात थांबून ते हळू आवाजात म्हणाले, “साईं, त्या पुडीत दोन होत्या ना? दुसरी परत द्याल का? बेंजोवर माझीसुद्धा नखी हल्ली पडते.”

मी नेलकटरही बरोबर दिले.