जॉनी कॅशची दुसरी साक्ष

चर्चमध्ये साक्ष द्यायचा एक साचा असतो. आधी माणूस भरकटतो, मग तळाला जातो, मग प्रभू हात देतो. अमेरिकन गायक जॉनी कॅशचं १९७५ सालचं आत्मकथन ‘मॅन इन ब्लॅक’ याच साच्यातलं. तेव्हा त्याचे दिवस चांगले होते. फॉल्सम तुरुंगातला कार्यक्रम आणि गायिका जून कार्टरशी लग्न, दोन्ही १९६८ साली झालं होतं. येशूच्या जीवनावर इस्रायलमध्ये जाऊन त्याने चित्रपटही काढला होता. १९६५ साली एल पासोत पोलिसांनी पकडलं तेव्हा गिटारच्या पेटीत हजारावर नशेच्या गोळ्या निघाल्या होत्या. ते सगळं मागे पडलं, असंच पुस्तक वाचून वाटतं.

मागे काही पडलं नव्हतं. काही वर्षांतच गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि १९८३च्या अखेरीस घरच्यांनी त्याला बेटी फोर्ड व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. १९८६ साली कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने त्याच्याशी करार संपवला. १९९४ साली संगीत निर्माता रिक रुबिनने त्याला नुसत्या गिटारवर गायला लावलं, तेव्हा लोक पुन्हा त्याच्याकडे वळले. मग १९९७ साली लेखक पॅट्रिक कारबरोबर त्याने आयुष्य नव्याने लिहिलं.

या दुसऱ्या पुस्तकाचा जीव आर्कान्सामधल्या डायस वसाहतीत आहे. तिथे वडील कपाशी पिकवायचे. मे १९४४च्या एका शनिवारी थोरला भाऊ जॅक चार पैसे मिळवायला शाळेच्या कार्यशाळेत लाकडं कापायला गेला. बारा वर्षांचा जॉनी मासे धरायला. जॅक फिरत्या करवतीत सापडला. वडिलांनी जॉनीला मांस धुरवायच्या खोलीत नेलं आणि कागदी पिशवीतून जॅकचे रक्ताने भिजलेले कपडे काढून दाखवले. आठवड्याभरात जॅक गेला. मातीच्या दुसऱ्या दिवशी सगळं घर परत शेतात. आई कपाशीच्या ओळीत गुडघ्यांवर कोसळली होती. पाद्री व्हायचं स्वप्न जॅकचं होतं. कॅश आयुष्यभर भक्तिगीतांकडे वळत राहिला, त्याचं मूळ मला इथे दिसतं. सन रेकॉर्ड्सच्या सॅम फिलिप्सने ती गीतं नाकारली, म्हणून तर तो कोलंबियाकडे गेला होता.

सगळंच जसंच्या तसं खरं मानायचं कारण नाही. १९६७ साली मरायला निकाजॅक गुहेत शिरलो आणि देवाने बाहेर काढलं, ही त्याची गोष्ट चरित्रकारांना पटत नाही. मलाही ती जरा जास्तच बेतलेली वाटते. जुना साचा काही त्याला पुरता सुटला नव्हता. पण व्यसनाबद्दल बोलताना तो ‘जिंकलो’ म्हणत नाही. घसरलो, सावरलो, पुन्हा घसरलो, आणि प्रार्थना मात्र सोडली नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

दोन्हींतलं एकच वाचणार असाल तर दुसरं वाचा. सवड असेल तर पहिलं आधी वाचा, म्हणजे बावीस वर्षांत हा माणूस किती खरं बोलायला शिकला ते कळेल.