नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

रोजा पोटाचा असतो, तसा जिभेचाही असतो. दिवसभर पाणी न पिणाऱ्याने खोटे बोलू नये, भांडू नये, कुणाची निंदा करू नये, ही शिकवण रमजानमध्ये घरोघरी दिली जाते. तरीही एक शब्द जिभेवरून सहज निसटतो.

वारजे माळवाडीत इफ्तारच्या आधी फळांच्या गाडीभोवती गर्दी होते. सुटे पैसे मोजायला कुणाला वेळ लागला, की मागून आवाज येतो, ‘मतिमंद आहे का रे?’ चार जण हसतात. त्याच गर्दीत एखादी आई मुलाचा हात धरून उभी असू शकते. मुलाच्या शाळेच्या पाटीवरचा शब्द तिला शिवी म्हणून ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी ती मुलाला घरीच ठेवून येते.

हा शब्द शिवी म्हणून जन्मला नव्हता. ‘वेडा’, ‘खुळा’ म्हणण्यापेक्षा बरा म्हणून तो शाळांनी आणि सरकारी कागदांनी वापरला. इंग्रजीतले ‘इडियट’ आणि ‘मोरॉन’ हेही एकेकाळी डॉक्टरांचेच शब्द होते. भारताच्या १९९५ च्या कायद्यात ‘मेंटल रिटार्डेशन’ असा उल्लेख होता. अमेरिकेने २०१० मध्ये ‘रोझाज लॉ’ करून तो शब्द आपल्या अनेक कायद्यांतून काढला. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ‘बौद्धिक अक्षमता’ हा शब्द आणला आणि मानसिक आजार त्याहून वेगळा, हेही स्पष्ट केले. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान केल्यास याच कायद्याच्या कलम ९२ नुसार सहा महिने ते पाच वर्षे कैद होऊ शकते.

पण शब्द बदलला आणि नजर तीच राहिली, तर नवा शब्दही उद्या शिवी होईल. दयेचे शब्दही जपूनच वापरावेत. उर्दू बोलणाऱ्या घरांत ‘अल्लाह मियाँ की गाय’ म्हणतात, मराठी घरांत ‘देवाचं लेकरू’. त्यात माया असते. पण चाळिशीतला माणूसही मग कायमचा लेकरूच राहतो. त्याच्या वयाच्या इतरांना ‘अहो’ आणि त्याला मात्र जन्मभर ‘अरे’. सिंधूताई जोशी यांनी पुण्यात १९६४ साली ‘कामायनी’ सुरू केली. ही मुले शिकतात आणि मोठीही होतात, हे या शहराला तेव्हापासून ठाऊक असायला हवे.

कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची थट्टा करण्यास आणि चिडवण्याची नावे ठेवण्यास मनाई आहे. मराठीने तर हा फरक एका मात्रेत सांगितला आहे. नाव ठेवतात ते बारशाला, प्रेमाने. नावे ठेवतात ती पाठीमागे. आईबापांनी ठेवलेले नाव असताना दुसऱ्या नावाची गरज काय?

समज पुरेशी नसलेल्यावर रोजा बंधनकारक नाही. पण दस्तरखानावरची जागा त्याची असतेच. यंदा इफ्तारला शेजारच्या घरातून अशी कुणी व्यक्ती आली, तर ‘याला खजूर चालतो का?’ असे तिच्या आईला विचारू नये. नावाने हाक मारून तिलाच विचारावे. उत्तराला थोडा वेळ लागेल. रोजा सोडण्यासाठी अजानची वाट पाहणाऱ्यांना तेवढा धीर धरता येईल.