जॅझ संगीत आणि एका शहराची नभोवाणी



नभोवाणीचा शोध लागला तेव्हां दूरचें जवळ आणणें हें तिचें मोठें सामर्थ्य म्हणून सांगितलें गेलें, आणि तें योग्यच होतें. मुंबईस १९२७ सालीं ध्वनिक्षेपण केंद्र निघालें आणि पुढें हळूहळू नामांकित गवयाचें गाणें घरबसल्या ऐकण्याची सोय झाली. परंतु या सामर्थ्याला एक दुसरी बाजू आहे. दूरचें जवळ येऊं लागलें कीं जवळच्याकडे लक्ष जात नाहीं. शेजारच्या आळींतला सनईवाला, गांवच्या देवळांतला भजनी, यांची ओळख त्यांच्याच गांवाला राहत नाहीं. जवळच्याचेंच जवळच्या माणसाला ऐकवावें, या हेतूनें चालणारी जी नभोवाणी तिला सामुदायिक नभोवाणी किंवा कम्युनिटी रेडिओ म्हणतात. तिचें एक उत्तम उदाहरण अमेरिकेंतील न्यू ऑर्लीन्स शहरांत आहे, आणि त्या शहराचें संगीत म्हणजे जॅझ. आजच्या भाषणांत या दोहोंचा संबंध सांगावयाचा आहे.

प्रथम जॅझ म्हणजे काय तें पाहूं. न्यू ऑर्लीन्स हें मिसिसिपी नदीवरील, समुद्रापासून फार दूर नसलेलें बंदर. तेथें आधीं फ्रेंचांचा आणि मग स्पॅनिशांचा अंमल होता. गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी लोक रविवारीं काँगो स्क्वेअर नांवाच्या मोकळ्या जागेंत जमत आणि आपलीं वाद्यें वाजवून नाचत. या तालांत पुढें लष्करी बँडचीं पितळी वाद्यें मिळालीं, चर्चमधील प्रार्थनागीतें मिळालीं आणि कष्टकऱ्यांचीं ‘ब्लूज’ नांवाचीं गाणीं मिळालीं. एकोणिसावें शतक संपून विसावें सुरू होतांना या मिश्रणांतून जॅझ तयार झालें.

आपल्या श्रोत्यांना त्याची रीत समजणें कठीण नाहीं. आपल्याकडे तबलजी ठेका धरतो, आवर्तन फिरत राहतें, आणि गवई त्यांत ऐनवेळीं सुचलेल्या आलाप-तानांनीं रंग भरून समेवर येतो. जॅझमध्येंहि एक चक्र फिरतें. तें बहुधा बारा किंवा बत्तीस खंडांचें असतें. त्या चक्रावर कॉर्नेट, क्लॅरिनेट किंवा पियानो वाजविणारा आपली धून तेथल्या तेथें रचीत जातो. भेद इतकाच कीं, आपल्याकडे रागाची चौकट अखेरपर्यंत तीच असते, आणि तेथें चक्राच्या प्रत्येक वळणावर साथीची स्वरसंगति बदलते व वादकाला तिच्याबरोबर वळावें लागतें. थोडक्यांत, हें संगीत कागदावर पुरतें उतरत नाहीं. तें वाजविणाऱ्याच्या बोटांत आणि जाणत्या श्रोत्याच्या कानांत असतें.

अशा कलेला एक भय असतें. माणूस गेला कीं कला जाते. बडी बोल्डन नांवाचा कॉर्नेटवादक १९०० च्या सुमारास त्या शहरांत अतिशय प्रसिद्ध होता. जॅझच्या आद्य वादकांत त्याचें नांव घेतात. १९०७ सालीं तो वेड्यांच्या इस्पितळांत गेला आणि १९३१ सालीं तेथेंच वारला. त्याच्या वादनाची एकहि ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाहीं. जॅझची पहिली ध्वनिमुद्रिका १९१७ सालीं निघाली, ती गोऱ्या वादकांच्या संचाची. लुई आर्मस्ट्राँगसारखा अलौकिक वादक १९२२ सालीं शिकागोस गेला आणि तेथून जगप्रसिद्ध झाला. जगानें जॅझ ऐकलें, पण तें ज्या गल्लीबोळांत वाढलें तेथील पुष्कळ वादक गल्लींतच राहिले.

मग त्या शहराच्या नभोवाणीनें त्यांना हात कां दिला नाहीं? याचें उत्तर एका शिक्षकाच्या हकीकतींत आहे. व्हर्नन विन्स्लो हे डिलर्ड विद्यापीठांत चित्रकला शिकविणारे कृष्णवर्णीय गृहस्थ. १९४८ च्या सुमारास ते एका केंद्राकडे निवेदकाचें काम मागावयास गेले. कृष्णवर्णीय माणसानें तेथें बोलण्याची चाल नव्हती. कृष्णवर्णीयांच्या बोलीतला मजकूर त्यांनीं लिहावा आणि तो कसा बोलावयाचा हें गोऱ्या निवेदकास शिकवावें, एवढेंच काम त्यांना मिळालें. एके दिवशीं निवेदक जागेवर नाहीं असें पाहून त्यांनीं तो मजकूर स्वतः वाचला, आणि त्यांची नोकरी गेली. पुढें १९४९ सालीं ‘डॉक्टर डॅडी-ओ’ या नांवानें त्यांचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला. बोली एकाची, वाणी दुसऱ्याची, असा हा प्रकार होता. ज्यांचें संगीत त्यांनाच त्याविषयीं बोलतां येत नसेल, तर नभोवाणी त्या संगीताला किती उपयोगी पडणार?

दुसरें उदाहरण प्रोफेसर लाँगहेअर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पियानोवादकाचें. त्या शहराच्या पियानोवादनाला ज्यांनीं वळण लावलें त्यांत हे अग्रगण्य. तरीहि १९६० नंतरच्या दशकांत ते विस्मृतींत गेले आणि ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांत झाडलोट करून पोट भरूं लागले. १९७१ सालच्या जॅझ महोत्सवांत त्यांना पुन्हां पियानोवर बसविण्यांत आलें. १९७७ सालीं त्यांच्या चाहत्यांनीं ‘टिपिटिनाज्’ नांवाची संगीतशाळा उघडली. हें नांव त्यांच्याच एका गाण्यावरून घेतलेलें. १९८० च्या जानेवारींत ते वारले.

त्याच १९८० सालच्या डिसेंबरांत त्या शहरांत ‘डब्ल्यू डब्ल्यू ओ झेड’ हें सामुदायिक केंद्र सुरू झालें. टेक्सासहून आलेल्या वॉल्टर व जेरी ब्रॉक या भावांनीं तें काढलें. आरंभीच्या दिवसांत तें टिपिटिनाज्च्याच माडीवर होतें. खालीं बैठक रंगली कीं जमिनीच्या भोंकांतून ध्वनिग्राहक खालीं सोडावा आणि तें वादन थेट शहराला ऐकवावें, अशी त्यांची व्यवस्था! पुढें तें केंद्र काँगो स्क्वेअर ज्यांत आहे त्या आर्मस्ट्राँग उद्यानांत गेलें, आणि त्याचा परवाना जॅझ महोत्सव भरविणाऱ्या न्यासाकडे आला.

या केंद्राची कार्यपद्धति ध्यानांत घेण्यासारखी आहे. तेथील कार्यक्रम सादर करणारे बहुतेक स्वयंसेवक असतात. त्यांत वादक आहेत, संग्राहक आहेत, नुसते जाणते रसिकहि आहेत. ‘मदर-इन-लॉ’ या १९६१ सालच्या गाण्यानें गाजलेले अर्नी के-डो हे गायक उतरत्या काळांत या केंद्रावर कार्यक्रम करीत. खर्चाचा मोठा भाग श्रोत्यांच्या वर्गणींतून निघतो. जॅझबरोबर ब्लूज, भक्तिगीतें आणि पितळी बँड ऐकविले जातात. त्या शहरांत अंत्ययात्रेला बँड असतो. जातांना संथ शोकगीत वाजतें आणि दफनानंतर परततांना उल्हासाचें वादन होतें. मागून छत्र्या नाचवीत चालणाऱ्या लोकांना ‘सेकंड लाइन’ म्हणतात. मार्दी ग्राच्या सणांत वर्षभर स्वहस्तें मणी-पिसें शिवून केलेले पोशाख घालून गात निघणारे संच असतात. हे सर्व त्या केंद्राचे विषय.

पण सर्वांत महत्त्वाचा प्रकार अगदीं साधा आहे. दर विषम ताशीं, म्हणजे एक, तीन, पांच वाजतां, आज शहरांत कोण कोठें वाजविणार आहे याची यादी वाचली जाते. इतर केंद्रें श्रोत्याला घरीं बसवितात. हें केंद्र त्याला उठवून बैठकीला धाडतें. तो गेला म्हणजे वादकाला चार पैसे मिळतात, आणि ऐनवेळीं रचल्या जाणाऱ्या संगीताला समोर बसलेला जाणता कान मिळतो.

या केंद्राचें मोल २००५ सालीं दिसून आलें. त्या वर्षीं २९ ऑगस्टला कॅट्रिना वादळ आलें, बांध फुटले आणि सुमारें ऐंशी टक्के शहर पाण्याखालीं गेलें. वादक देशभर पांगले. फॅट्स डॉमिनो यांच्यासारखे वयोवृद्ध गायकहि कांहीं दिवस बेपत्ता होते. त्यांना नावेंतून वांचविलें होतें हें मागून कळलें. केंद्राचें क्षेपण बंद पडलें. तेव्हां न्यू जर्सींतील एका भगिनी-केंद्राच्या साहाय्यानें त्यांनीं इंटरनेटवरून संगीत सुरू केलें आणि कोणता वादक सुखरूप आहे याची यादी प्रसिद्ध केली. रोज बैठकींची यादी वाचणाऱ्यांना वादक नांवानिशीं ठाऊक होते, म्हणूनच ही दुसरी यादी करतां आली. वर्षअखेरीच्या आंत केंद्र पुन्हां आपल्या शहरांतून बोलूं लागलें.

आतां आपल्याकडे वळूं, कारण जॅझचा एक धागा मुंबईपर्यंत आलेला आहे. १९३५ सालीं लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा संच ताजमहाल हॉटेलांत वाजवीत होता. गोव्यांतील चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकून मुंबईस आलेले अनेक तरुण या संगीतानें भारून गेले. हळदोण्याचे अँतोनियु झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नांवानें ट्रंपेट वाजवीत आणि भारताचे आर्मस्ट्राँग म्हणविले जात. अशीं मंडळी पुढें चित्रपटसंगीताकडे वळली. आपले सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांतील झगमगत्या वाद्यमेळांत चिक चॉकलेट यांचा हात आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, तसेच सेबास्टियन डिसोझा, यांनीं कितीतरी गाण्यांचे वाद्यमेळ रचले. नभोवाणीवर तीं गाणीं सहस्रावधि वेळां लागलीं. चित्रपट, गायक, कवि आणि संगीतकार यांचीं नांवें सांगितलीं जात. वाद्यमेळ रचणाऱ्याचें व ट्रंपेट वाजविणाऱ्याचें नांव बहुधा सांगितलें जात नसे. नरेश फर्नांडिस यांनीं २०१२ सालीं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या ग्रंथांत मुंबईच्या जॅझचा इतिहास सविस्तर लिहिला, परंतु तोंवर त्यांतील बहुतेक वादक हयात नव्हते.

आपल्या देशांत १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला. २००२ सालीं शिक्षणसंस्थांना आणि २००६ सालीं लोकसंस्थांना लहान केंद्र चालविण्याची मुभा मिळाली. २००६ च्या नियमांत निदान निम्मा कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागानें व्हावा असें सांगितलें आहे. पुणें विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ आणि माण तालुक्यांत म्हसवड येथें २००८ सालीं निघालेली ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हीं आपलीं उदाहरणें.

अशा केंद्रानें तयार चित्रपटगीतें लावून वेळ भरणें सोपें आहे. पण गजीनृत्याचा ढोल वाजविणारा, ओव्या गाणारी म्हातारी, लग्नाच्या वरातींतला क्लॅरिनेटवाला, यांची आठवण दुसरें कोणतें केंद्र ठेवणार? आज कोणत्या गांवीं कोणाचें भजन आहे हें रोज सांगावें. गाणें लावलें तर साथीदाराचेंहि नांव घ्यावें. आणि ज्याची कला त्यालाच तिच्याविषयीं बोलूं द्यावें. यासाठीं मोठें भांडवल लागत नाहीं, एक वही आणि गांवांत फिरणारीं चार माणसें पुरतात. बोल्डनची कॉर्नेट आतां कोणास ऐकतां येणार नाहीं. आपल्या गांवचें जें अद्याप ऐकूं येत आहे, त्याची नोंद या आठवड्यापासून करावी, एवढीच श्रोत्यांस विनंति.